कापडही खेळते: जुन्या बिलियर्ड्स आणि पूल स्पर्धांचे आकडे कसे वाचावेत?

१/२६
जुन्या बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल स्पर्धांच्या नोंदी चाळल्या तर विजेत्याचे नाव मिळते, हरलेल्याचे मिळते, गुण मिळतात, कधी चषकाचे छायाचित्रही मिळते. टेबलावर ताणलेले कापड नवे होते की झिजलेले, कोरडे होते की दमट, हे मात्र बहुधा कुठेच लिहिलेले नसते. या थ्रेडचे म्हणणे असे की, त्या एका गोष्टीवाचून बाकीचे आकडे अर्धेच कळतात. आणि अर्ध्या आकड्यांवरून जुन्या खेळाडूंना थोर किंवा सामान्य ठरवणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

२/२६
मुद्दा समजून घेण्यासाठी थेट इंग्लंड-अमेरिकेला जाण्याची गरज नाही. रत्नागिरीचा जुलै पुरेसा आहे. या किनाऱ्यावर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिंतींना ओल येते, दारे फुगून चौकटीत अडकतात, बरणीतल्या मिठाला पाणी सुटते. शेतीची घाई ओसरली की याच दिवसांत पडवीत आणि मंडळाच्या खोलीत कॅरमचे बोर्ड मांडले जातात.

३/२६
मे महिन्यात ज्या बोर्डावर हलक्या टिचकीने स्ट्रायकर समोरच्या चौकटीवर आपटून परत येई, त्याच बोर्डावर तो जुलैत मध्येच रेंगाळतो. ओल धरलेल्या लाकडावर पावडर मोकळी राहत नाही, चिकटून बसते. सोंगटी खिशाच्या तोंडाशी येऊन थांबते. बोर्ड तोच, हात तोच, सोंगट्या त्याच. बदलला आहे तो पृष्ठभाग. कोकणातल्या मुलांना हे कोणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच इथल्या वाचकाला कापडाची गोष्ट सर्वांत लवकर कळेल.

४/२६
कॅरमच्या नियमकर्त्यांनी तर पृष्ठभागाचा वेग नियमातच बांधला आहे. आंतरराष्ट्रीय कॅरम महासंघाची स्थापना १९८८ साली चेन्नईत झाली. स्पर्धेचा बोर्ड किती गुळगुळीत असावा, याची कसोटी नियमांत दिलेली आहे: १५ ग्रॅमचा स्ट्रायकर कुशल खेळाडूने पूर्ण जोराने मारला, तर त्याने बोर्डावर किमान साडेतीन फेऱ्या कराव्यात. म्हणजे खेळाडूची परीक्षा घेण्याआधी बोर्डाची परीक्षा. ही साधी व्यवस्था बिलियर्ड्स आणि पूलच्या जुन्या नोंदींत शोधूनही सापडत नाही.

५/२६
आता कापडाकडे वळू. बिलियर्ड्सच्या टेबलाचा तळ १८२० च्या दशकापर्यंत लाकडी असे. लंडनच्या जॉन थर्स्टन यांच्या कारखान्याने १८२६ च्या सुमारास पाटीच्या दगडाचा, म्हणजे स्लेटचा, तळ आणला. १८४० च्या दशकात कडेच्या गाद्यांसाठी, म्हणजे कुशनसाठी, व्हल्कनाइज्ड रबर आले. लाकूड फुगण्याचा प्रश्न दगडाने संपवला. पण चेंडू दगडावर धावत नाही. तो दगडावर ताणलेल्या कापडावर धावतो. आणि ते कापड होते लोकरीचे.

६/२६
लोकर हवेतली वाफ विलक्षण ओढून घेते. आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतकी आर्द्रता पोटात साठवूनही ती हाताला ओली लागत नाही. मार्कर सकाळी कापडावरून हात फिरवतो, कापड कोरडे भासते. चेंडू सोडला की तो तीन हातांवर जाऊन दमतो. त्यातच दगडाचा तळ थंड असतो, त्यामुळे दमट हवेत ओल खालच्या बाजूनेही धरते. युरोपात कॅरमबोल प्रकारची टेबले खालून गरम ठेवण्याची रीत पडली, ती याच कारणाने.

७/२६
दुसरी गोष्ट लवेची. बिलियर्ड्स-स्नूकरच्या पारंपरिक कापडावर बारीक लव असते आणि ती एकाच दिशेला झोपवलेली असते: बॉकच्या बाजूकडून, जिथून खेळ सुरू होतो तिथून, काळ्या चेंडूच्या ठिपक्याकडे. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसेच हे आहे. सरळ फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर अडखळतो. चेंडूलाही हाच अनुभव येतो. लवेच्या दिशेने तो अधिक धावतो, लवेविरुद्ध लवकर थांबतो, आणि आडवा हळू निघाला तर लवेच्या रोखाने किंचित सरकतो.

८/२६
साइडचे, म्हणजे क्यूने चेंडूच्या बाजूवर मारून दिलेल्या फिरकीचे, गणित याहून चमत्कारिक आहे. लवेच्या दिशेने हळू जाणाऱ्या चेंडूला उजवी साइड दिली तर तो उजवीकडे झुकतो. तोच चेंडू, तीच साइड, पण लवेविरुद्ध हळू खेळला तर तो डावीकडे ओढला जातो. ज्याला हे ठाऊक नाही त्याचा नेम चुकला असे प्रेक्षक म्हणतात. प्रत्यक्षात नेम बरोबर असतो. चुकलेला असतो तो कापडाचा अंदाज.

९/२६
झिजलेल्या कापडावर हे सारे नियमही विस्कटतात. जिथे खेळ जास्त होतो तिथली लव आधी जाते. बिलियर्ड्समध्ये लाल चेंडू खिशात गेला की पुन्हा त्याच ठिपक्यावर ठेवतात, म्हणून त्या ठिपक्याभोवतीचे कापड लवकर विटते. पूलमध्ये प्रत्येक डावाला चेंडूंचा त्रिकोण एकाच जागी मांडला जातो. तिथे खळगे पडतात, आणि जोरदार ब्रेकने जळल्यासारखे पांढरे डाग उमटतात. एकाच टेबलावर मग दोन-तीन वेगळी टेबले तयार होतात.

१०/२६
नवे कापड तरी निर्दोष असते का? तेही नाही. नव्या कापडावर चेंडू गडगडण्याआधी बराच वेळ घसरतो. मागे खेचलेला चेंडू जास्त मागे येतो, कुशनवरून परतताना नेहमीचा कोन सोडतो. मोठ्या स्पर्धांसाठी टेबले बहुधा आधी नव्या कापडाने मढवली जातात. म्हणजे पहिल्या दिवशी घसरडे असणारे टेबल अंतिम सामन्यापर्यंत खडूची भुकटी, हातांचा घाम आणि शेकडो फटके पचवून मंद झालेले असते. पहिल्या फेरीतला ब्रेक आणि अंतिम सामन्यातला ब्रेक एकाच तराजूत घालणेही मग सोपे राहत नाही.

११/२६
अमेरिकेतील पूलचे उदाहरण इथे उपयोगी आहे. विली मॉस्कोनी यांनी १९ मार्च १९५४ रोजी ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे एका प्रदर्शनीय सामन्यात सलग ५२६ चेंडू खिशात घातले. हा आकडा सहा दशकांहून अधिक काळ आदर्श मानला गेला. २०१९ मध्ये जॉन श्मिट यांनी ६२६ आणि २०२२ मध्ये जेसन शॉ यांनी ७१४ चेंडूंची मालिका रचली. आकडे वाढले, म्हणून कौशल्य वाढले असा निष्कर्ष काढणे फार सोपे आहे.

१२/२६
पण मॉस्कोनी यांचे टेबल आठ फुटी होते, शॉ यांचे नऊ फुटी. लहान टेबलावर अंतरे कमी, हे जुन्या विक्रमाच्या विरुद्ध जाते. दुसरीकडे, त्या काळी पूलच्या टेबलांवर जाड, लवेचे, मंद कापड सर्रास असे. आज स्पर्धांत वर्स्टेड कापड वापरतात: लांब तंतू विंचरून, घट्ट पीळ देऊन विणलेले, लव नसलेले. त्यावर चेंडू कितीतरी दूर धावतो. टेबलाचे माप सगळे सांगतात, कापडाची जात फार थोडे सांगतात. तुलना तिथेच लंगडी पडते.

१३/२६
जलद कापडाचा खेळ सोपा आणि मंद कापडाचा कठीण, असेही सरसकट म्हणता येत नाही. मंद कापडावर चेंडू लांब न्यायचा तर फटका लांब, भरदार आणि तरीही सरळ लागतो. म्हणून जुने खेळाडू पांढरा चेंडू फार फिरू देत नसत, चेंडूंचे पुंजके जवळ ठेवून खेळत. जलद कापडावर जोर कमी लागतो, पण चेंडू थांबवणे कठीण होते. एका वितीची चूक हातभर होते. हे दोन वेगळे हात आहेत. एकाला दुसऱ्याच्या मापाने मोजू नये.

१४/२६
भारताचे या इतिहासातले स्थान मोठे आहे. स्नूकर जन्मला तो १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने ‘ब्लॅक पूल’ नावाच्या खेळात आणखी रंगीत चेंडू मिसळले आणि नवा खेळ तयार झाला. पुढे उटीच्या क्लबात त्याचे नियम ठरले. सांगितले असे जाते की जबलपूरला तेव्हा पावसाळा होता, अधिकाऱ्यांच्या दुपारी लांब आणि रिकाम्या होत्या. कापडाला सर्वांत वाईट असलेल्या ऋतूने कापडावरचा नवा खेळ जगाला दिला.

१५/२६
बिलियर्ड्सचे कापड मात्र विलायतेहून येई. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यातल्या स्ट्राउड भागातील गिरण्या या लोकरी कापडासाठी प्रसिद्ध होत्या. बेल्जियममधील व्हेर्व्हिए येथील सिमोनिस हे घराणे १६८० पासून लोकरी कापड विणत आले आहे. थंड, कोरड्या खोल्यांसाठी विणलेले हे कापड मुंबई, कोलकाता, कोलंबो अशा दमट शहरांत येऊन पसरले. जी वस्तू एका हवेसाठी घडली, तिच्यावरचे कसब दुसऱ्या हवेत कमवायचे, अशी इथल्या खेळाडूंची स्थिती होती.

१६/२६
स्वातंत्र्यानंतर १९९१ पर्यंत आयात-परवान्यांचा काळ होता. परकीय चलन जपून वापरले जाई आणि चैनीच्या मालावर भारी जकात असे. अशा दिवसांत विलायती कापड दर हंगामात बदलणे साध्या क्लबाच्या आवाक्यातले नव्हते. श्रीमंत जिमखान्यातले टेबल आणि रस्त्यावरच्या सलूनमधले टेबल यांच्यातला फरक हा म्हणूनच वर्गाचाही फरक होता. ज्याला चांगल्या कापडावर रोज दोन तास मिळत, त्याचा हात वेगळा घडे. ज्याला ठिगळाच्या टेबलावर पाळी मिळे, त्याचा वेगळा.

१७/२६
या पार्श्वभूमीवर विल्सन जोन्स यांच्याकडे पाहावे. जन्म पुण्याचा, २ मे १९२२. राष्ट्रीय बिलियर्ड्सची १२ अजिंक्यपदे. १९५८ साली कोलकात्यात ते जागतिक हौशी बिलियर्ड्सचे विजेते झाले. वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमधील पुकेकोहे येथे त्यांनी तेच पद पुन्हा जिंकले. नोंदीत हे दोन विजय एकाखाली एक, एकसारखे दिसतात.

१८/२६
प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या जगांत मिळवलेले आहेत. एक बंगालच्या उपसागराजवळच्या दमट शहरात, घरच्या लोकांसमोर. दुसरा समशीतोष्ण हवेच्या परक्या देशात, परक्या टेबलावर. बिलियर्ड्सचे टेबल बारा फूट लांब असते. इतक्या अंतरावर चेंडूचा वेग दोन-चार टक्क्यांनी बदलला तरी पुढच्या फटक्याची जागा हुकते. दोन्ही ठिकाणी जिंकणे म्हणजे दोन्ही ठिकाणचे कापड लवकर ओळखणे. जोन्स यांचे हे मोठेपण गुणतक्त्यात दिसत नाही. टेबलाचा विचार केला तरच दिसते.

१९/२६
१९७३ साली हीच जागतिक स्पर्धा मुंबईत झाली आणि श्रीलंकेचे मोहम्मद लफीर विजेते ठरले. पुढे मुंबईचे मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ साली हे पद मिळवले, ते अनुक्रमे मेलबर्न, दिल्ली आणि माल्टा येथे. १९७८ साली राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी १,१४९ गुणांचा ब्रेक केला. हौशी खेळाडूने हजाराचा टप्पा ओलांडण्याची ती पहिली वेळ. १९९२ साली मुंबईत झालेल्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत गीत सेठी यांनी १,२७६ गुणांचा ब्रेक रचला.

२०/२६
बिलियर्ड्समध्ये एका फटक्याला सहसा दोन किंवा तीन गुण मिळतात. म्हणजे हजाराच्या ब्रेकमध्ये शेकडो फटके न चुकता जोडावे लागतात, आणि त्यातले बरेच हलक्या हाताचे, जवळच्या अंतराचे असतात. हळू फटक्यालाच लव सर्वाधिक छळते. जोराचा चेंडू तिला फारसे जुमानत नाही. म्हणून हे मोठे ब्रेक म्हणजे कापडाशी तासन्‌तास चाललेला संवाद असतो. १,१४९ आणि १,२७६ यांतला १२७ गुणांचा फरक मोजताना मधल्या १४ वर्षांत टेबले, कापड आणि खोल्यांची हवा किती बदलली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

२१/२६
यावर एक नेहमीचा आक्षेप येतो: कापड दोन्ही खेळाडूंना सारखेच, मग तक्रार कसली? पण सारखे कापड सर्वांना सारखे लागत नाही. हलक्या हाताने जवळचे खेळणाऱ्याला दमट टेबल मारते, ताकदीच्या खेळाडूला ते सावरून घेते. शिवाय ज्याचा तो रोजचा क्लब आहे त्याला कोणता खिसा चेंडू ओढतो, कुठली लव गेली आहे, हे पाठ असते. पाहुण्याला ते कळेपर्यंत सामना निम्मा झालेला असतो.

२२/२६
पृष्ठभागाने इतिहास बदलल्याची उदाहरणे इतर खेळांत सर्वमान्य आहेत. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर गेला. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले. १९४८ साली लंडनला ते गादीवर लढले आणि सहावे आले, १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतले. क्रिकेटचा धावफलक तर खेळपट्टीच्या वर्णनाशिवाय कोणी वाचतच नाही. मग बिलियर्ड्स आणि पूललाच वेगळा न्याय का?

२३/२६
याचे एक उत्तर सामाजिक आहे. कापडाचे ज्ञान ज्यांच्यापाशी होते ते इतिहास लिहिणाऱ्यांत नव्हते. क्लबातला मार्कर हा पगारी नोकर. गुण पुकारायचे, क्यू द्यायचे, आणि रोज कापड राखायचे. ब्रश नेहमी लवेच्या दिशेनेच मारायचा. इस्त्री आधी कागदावर फिरवून पाहायची. कागद करपला तर ती कापडाला लावायची नाही. पावसाळ्यात हेच काम अधिक वेळा करायचे. टेबल आज कसे धावेल हे त्याला खेळाडूआधी कळे. चषकावर मात्र त्याचे नाव कधी कोरले गेले नाही.

२४/२६
जुने कापड थोर आणि नवे कापड हलके, असा या लेखनाचा सूर नाही. मंद, फाटके, दमट टेबल हे कुठल्याही सद्गुणाचे लक्षण नव्हते. त्याने कित्येक चांगल्या हातांची माती केली असणार. वातानुकूलित खोली, एकसारखे कापड, गरम राखलेला तळ यांनी खेळ अधिक न्याय्य झाला. पण न्याय आज आला म्हणून काल तो होताच असे समजू नये. आजच्या समतल टेबलावर उभे राहून कालच्या खेळाडूचा ब्रेक ‘लहान’ म्हणणे ही इतिहासाची चूक आहे.

२५/२६
इतिहासप्रेमी तरुणांना इथे खरे काम आहे. क्लबांच्या जुन्या हिशोबवह्यांत कापडखरेदीच्या पावत्या असतात. त्यांवरून टेबल कधी मढवले ते ठरते. स्पर्धांच्या स्मरणिकांत तारखा असतात. तारखेवरून ऋतू कळतो. छायाचित्रांत दिवे, पंखे, खिडक्या आणि कापडावरचे डाग दिसतात. आणि निवृत्त मार्कर व टेबल मढवणारे कारागीर अजून हयात आहेत, तोवर त्यांचे बोलणे नोंदवून ठेवता येते. खेळाडूंच्या मुलाखती पुष्कळ झाल्या. आता या लोकांच्या व्हाव्यात.

२६/२६
रत्नागिरीत हे काम आजच सुरू होऊ शकते. राज्य कॅरम स्पर्धांच्या निकालांत इथल्या रियाझ अकबर अली आणि आकांक्षा कदम यांची नावे वारंवार येतात. आणखी ५० वर्षांनी कोणीतरी ते निकाल उघडून तुलना करील. आयोजकांनी निकालाच्या कागदावर चार ओळी वाढवाव्यात: महिना कोणता, सभागृह बंद की उघडे, बोर्ड नवा की वापरलेला, स्ट्रायकरने किती फेऱ्या केल्या. त्या चार ओळी पुढच्या वाचकाला आजच्या खेळाडूंविषयी अन्याय करण्यापासून वाचवतील.